सात पाऊण सव्वापाच

थळ, सोमवार, २ फेब्रुवारी २०२६

अनंता,

आमची मोहीम शेवटच्या छाननीपर्यंत पोचली. आज सकाळी अकरा चाळीसला बंगळुरूहून शिवानीचा फोन आला. शिवानी आमची प्रकल्पप्रमुख. ती कधी ‘बहुतेक’ म्हणत नाही. म्हणाली, “सुचिता, पत्र माझ्या हातात आहे. वीस फेब्रुवारी, शुक्रवार, सकाळी दहा. समिती तुझा सगळा मार्ग तपासणार.”

मी तशीच मागच्या पडवीत धावले. आय सोडे निवडत बसली होती. (गुडघ्याचं ऑपरेशन छान झालंय तिचं, काठी टाकून दोन पावलं चालते. मी त्यासाठीच महिनाभर थळला आहे, काम लॅपटॉपवर चालतं.) तिला म्हटलं, “आय, आमचं यान युरेनसला जाणार बहुतेक!” बघ, मीच बहुतेक म्हणाले.

“कंचा त्यो?”

“पंचांगातला हर्षल.”

“हर्षल? त्यो वाकडाच हाय. तुज्या मामाच्या पत्रिकेत बसला तवापासना मामाचं काय सरळ झालं न्हाय.”

“अगं, खराच वाकडा आहे. बाकीचे ग्रह भोवऱ्यासारखे उभे फिरतात. हा एकटा आडवा पडून लोळत जातो.”

“मंग कशाला जाताव त्याच्याकडं?”

“का आडवा झाला ते बघायला.”

तिनं एक सोडा उचलून उन्हात धरला, टाकला, आणि म्हणाली, “मंग जावा.” तिची मंजुरी झाली. आता समितीची राहिली.

तू माझा नंबर बंद करून ठेवलास, म्हणून हे कागदावर. तुझी कोकिळा पानांचे फोटो काढून तुला ओमानला, सलालाच्या बंदरात पाठवणार आहे. मी तिला म्हटलं, वाचेल का? म्हणाली, “वन्सं, टगबोटीवर माणसाला वाचायला दुसरं काय असतं?”

तुला हे सांगायचं कारण असं की आपल्या घरात हे तुलाच समजेल. यान स्वतःच्या जोरावर युरेनसपर्यंत जाऊ शकत नाही, तेवढं इंधन कुणी देत नाही. ते आधी गुरूकडे जातं. गुरू सूर्याभोवती धावत असतो, त्याच्या मागच्या अंगानं जवळून गेलं की तो यानाला ओढून पुढं भिरकावतो. ओहोटीबरोबर होडी खाडीतून बाहेर सोडतात तसंच, इंजिन जेमतेम चालू, काम पाण्याचं. पण त्यासाठी गुरू योग्य जागी हवा. २०३२ साली तो तिथं असेल. ती वेळ चुकली की पुढची भरती चौदा वर्षांनी. तेव्हा मी एकोणसत्तर वर्षांची असेन आणि ओसरीवर बसून सोडे निवडत असेन.

म्हणजे वीस तारखेला जे होईल ते एकदाच होईल.

तुझ्या लग्नाचं मी डोक्यातून काढून टाकलंय. तूही टाक. तू निघायला उशीर केलास, खाडीत पाणी थांबलं नाही, झालं. एकोणीस वर्षं झाली त्याला.

सुचिता


थळ, गुरुवार, ५ फेब्रुवारी

अनंता,

निळ्या खुणा आल्या म्हणे. कोकिळानं मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. वाचलंस, उत्तर दिलं नाहीस. हरकत नाही, आज उत्तराची वाट बघायला मला वेळच नाही.

आज मिनिट काढलं!

नीट सांगते. आमच्या यानाला युरेनसजवळ थांबता येणार नाही. सेकंदाला सोळा-सतरा किलोमीटर वेगानं जाणारी वस्तू थांबवायची म्हणजे आणखी एवढंच इंधन. तेव्हा एकदाच जवळून जायचं आणि जाता जाता जितकं बघता येईल तितकं बघायचं. युरेनसच्या चंद्रांत मिरांडा नावाचा एक लहानसा आहे, आडवा मोजला तर मुंबई-बेळगाव एवढा. त्याच्यावर वीस किलोमीटर उंच कडा आहे. कनकेश्वराचा डोंगर पन्नास वेळा एकावर एक ठेव. तिथून दगड सुटला तर खाली पडायला दहा मिनिटं लागतील, इतकी तिथली ओढ कमी! आजवर एकच यान तिथून गेलं, चाळीस वर्षांपूर्वी, आणि त्यानं चंद्राची एकच बाजू बघितली. दुसरी कुणी बघितलेली नाही. आम्ही तीनशे किलोमीटरवरून तीच बघणार.

तारीख १४ जून २०४३. आपल्या घड्याळानं दुपारी चार वाजून दहा मिनिटं.

सतरा वर्षं पुढचं मिनिट, अनंता! कागदावर लिहिलं आणि दोनदा अधोरेखित केलं. तू तेव्हा त्रेसष्ट, मी सहासष्ट. सकाळी ते मी कोकिळाला वाचून दाखवलं. ती अंगणात बोंबील उलटे करत होती.

“मिनिटापरेंत?” म्हणाली.

“मिनिटापर्यंत.”

“आक्षीच्या खाडीत पन तुमी मिनिटापरेंतच सांगितला व्हता, वन्सं.” आणि हसली. टोचावं म्हणून नाही हसली, तिची हसायची रीतच तशी. लग्नाच्या मांडवात नवरा कमरेपर्यंत चिखलात माखून आला तेव्हाही ती अशीच हसली होती, म्हणे. मी मागे होते, होडीतच अडकलेली, मला दिसलं नाही.

मी तिला म्हटलं, मिनिट बरोबरच होतं, निघायला पंधरा मिनिटं उशीर झाला. नवरदेवाला फेटा बांधून मिळेना. ती बोंबील उलटे करत राहिली.

आता मला हे गणित समितीसाठी नीट मांडायचं आहे. पंधरा दिवस हातात.

सुचिता


थळ, रविवार, ८ फेब्रुवारी

अनंता,

तुझा आवाज ऐकला. कोकिळानं मोठ्यानं लावला, आय पण ऐकत होती. शब्दाला शब्द इथं लिहून ठेवते, म्हणजे तू नंतर नाकारायला नको:

“कोकिळे, तिला सांग, मिनिट काढलंस, बरी गोष्ट हाय. पन तिथी कंची धरलीस? सूर्य उगवतानाची का पानी चढतानाची? आनी ती कुनी आदीच सुदारलेली तर न्हाय ना?”

आणि मागून कुणी तरी हाक मारली म्हणून तू फोन ठेवलास.

एकोणीस वर्षांनी पहिलं वाक्य, आणि तो टोमणा! आय म्हणाली, “बोल्ला ना? मंग झाला.” तिला काय, तिला दोन मुलं एकमेकांशी बोलली की पुरे, भांडून का होईना. मी तीन तास धुमसत होते.

तर ऐक, साहेब. मी ग्रहांच्या गणिताला तिथी लावत नाही. तिथीचा हिशेब खाडीपुरता. बाबांनी आपल्याला पाऊणकीचा पाढा शिकवला तो भरतीसाठी: जितवी तिथी, तिची पाऊणपट, तितक्या वाजता पूर्ण भरती. चार पाऊण तीन, चतुर्थीला तीन वाजता. आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात असते ती सूर्योदयाची तिथी. दुपारपर्यंत चंद्र पुढं सरकतो, तिथी बदललेली असू शकते, म्हणून संध्याकाळची भरती काढताना कधी कधी एक तिथी पुढं धरावी लागते. हे मला माहीत आहे. तुझ्याइतकंच माहीत आहे.

आमच्याकडे याच्यासारखी गोष्ट एकच. युरेनसवरून उजेड इथं यायला दोन तास चाळीस मिनिटं लागतात. दुर्बिणीतून मिरांडा जिथं दिसतो तिथं तो आत्ता नसतो, दोन तास चाळीस मिनिटांपूर्वी होता. सूर्योदयाच्या तिथीसारखी ती शिळी जागा. म्हणून आम्ही चंद्राला तेवढा पुढं सरकवून घेतो आणि मग यानाची वेळ लावतो. मी ते केलं आहे. रितेशनं दिलेल्या तक्त्यातली प्रत्येक जागा दोन तास चाळीस मिनिटं पुढं सरकवली. रितेश आमच्या गटातला, निरीक्षणांवरून चंद्रांच्या जागांचा तक्ता तोच बनवतो, तरुण आहे, पण काम चोख, कुठलीही गोष्ट अर्धवट

थांब.


त्याच दिवशी, संध्याकाळी सहा

रितेशला फोन केला. तो उरणला बहिणीकडे जेवायला गेला होता. मी विचारलं, “रितेश, तुझ्या तक्त्यातल्या जागा दिसतात तशा आहेत, की असतात तशा?”

तो म्हणाला, “असतात तशा, मॅडम. उजेडाचा उशीर मी काढूनच देतो. पहिल्या पानावर तळटीप आहे.”

आहे. तळटीप आहे. मी वाचली नव्हती.

त्यानं एकदा सरकवला, मी पुन्हा सरकवला. माझ्या कागदावर मिरांडा खरा जिथं असेल त्याच्यापुढं चौसष्ट हजार किलोमीटर होता. माझं यान तीनशे किलोमीटरवरून ज्या न बघितलेल्या बाजूकडे बघणार होतं, तिथं नुसता काळोख असता. उड्डाणानंतर कधी तरी हे सापडलंच असतं, वाटेत मार्ग सुधारताही येतो. पण वीस तारखेला समितीतल्या एकानं जरी बोट ठेवलं असतं, तर वाटेपर्यंत जायची वेळच आली नसती.

हे पान कोकिळाला आत्ताच द्यायचं की नाही, ठरत नाही.


थळ, सोमवार, ९ फेब्रुवारी

अनंता,

दिलं. आणि हेही देते.

शिवानीला काल रात्री नाही, आज सकाळी नऊला सांगितलं. आधी झोपून उठावं म्हटलं. ती म्हणाली, “अकरा दिवस आहेत. तारीख धरूनच नवीन मिनिट काढ. आणि हे सापडलं कसं?” मी म्हटलं, “भावानं विचारलं.” “तो कुठल्या संस्थेत?” “टग चालवतो, सलाला बंदरात.”

आता दुसरं. ते लिहायला मला एकोणीस वर्षं लागली, तेव्हा वाकडं तिकडं आलं तर चालवून घे.

तुझ्या लग्नाचं वऱ्हाड होडीनं आक्षीला जायचं होतं, आणि सकाळी बाबा देवकाच्या गडबडीत होते. मला म्हणाले, “बाय, तू भरतीची येल काढ. तू तर गिरहांची येल काढतेस.” सगळ्यांसमोर म्हणाले. मला संस्थेत लागून सहा महिने झाले होते. मी विचारलं, “तिथी कुठली, बाबा?” “सातवी धर,” म्हणाले.

मी कॅलेंडर बघितलं नाही. बाबा कॅलेंडर बघूनच सांगत असतील, त्यांना सूर्योदयाची तिथी आणि संध्याकाळची तिथी यातलं काय कळणार, असं मला वाटलं. म्हणून मी एक पुढं धरली. आठ पाऊण सहा. सहाची भरती, सहाला खाडीच्या तोंडाशी पोचलो की पाणी उभं मिळेल, असं मी बाबांना छातीठोक सांगितलं, आणि त्यांनी पडताळलं नाही. त्यांनी, ज्यांनी तांडेलकीच्या चाळीस वर्षांत कधी होडी रुतवली नाही, त्यांनी माझं ऐकलं.

कॅलेंडरात षष्ठी होती. बाबांनी आधीच एक पुढं धरून मला सातवी सांगितली होती. सात पाऊण सव्वापाच. आपण सव्वासहाला पोचलो तेव्हा पाणी तासभर उतरत होतं, आणि अष्टमीच्या आसपासचं ते भांगाचं पाणी, मुळात चढतंच कमी. पुढचं तुला माहीत आहे. तुला सगळ्या कोळीवाड्यानं पुढं ‘चिखल्या नवरा’ म्हटलं, मुलं मागे ओरडत फिरली. बाबांनी त्यानंतर, जाईपर्यंत, सुकाणू धरलं नाही.

आणि मी वऱ्हाडात सांगत सुटले, अनंताला फेटा बांधून मिळेना.

पंधरा मिनिटं उशीर झाला होता, हे खरं. पण वेळेवर निघालो असतो तरी रुतलोच असतो. हे मला त्या होडीत बसल्या बसल्याच कळलं होतं. पाण्याकडे बघत मी पाढा म्हणत होते.

आज आयला हे सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, मान वर केली नाही. “तुज्या बाबाला ठाव व्हता,” म्हणाली. “आनी अनंतालाबी. आक्षीला त्याचं पाय धुताना समोर भितीवर कॅलेंडर व्हता. त्यानं वाचला. बाबानं त्याला डोळ्यानं सांगितला, गप.”

“आणि तू?”

“मना कोन विचारतो? मी कंच्या गिरहावर जाते?”

म्हणजे तू पहिल्या संध्याकाळपासून जाणून होतास. अंगावरचा चिखल वाळायच्या आधीच जाणून होतास. मी काय बोलत होते तेही ऐकत होतास. आणि फोनवर एवढंच विचारलंस, आधीच कुणी सुधारलेली तर नाही ना.

दोन्ही वेळा माझी चूक एकच, अनंता. गणित मला येतं. माझ्या आधीच्या माणसालाही ते येत असेल, हे माझ्या डोक्यात येत नाही.

माफ कर, असं कोकिळासमोर लिहायला लाज वाटते, ती फोटो काढताना वाचणार. तरी लिहिते. माफ कर.

बाय


बंगळुरू, शुक्रवार, २० फेब्रुवारी

अनंता,

झालं! दुपारी तीन वाजून पाच मिनिटांनी समितीच्या अध्यक्षांनी स्वतः बाहेर येऊन सांगितलं: मार्ग मान्य, दोन बारीक सूचनांसह. शिवानीनं रडत रडत सगळ्यांना इडल्या वाटल्या. दुपारी तीनला इडल्या. कॅन्टीनमध्ये दुसरं काही उरलं नव्हतं.

आता ऐक. साडेबाराला समितीतले एक जुने गृहस्थ, सबंध सकाळ डोळे मिटून बसलेले, एकदम उठले आणि म्हणाले, “हे जे मिनिट दिलंय, ते मिरांडाजवळचं, की आपल्याला इथं दिसेल तेव्हाचं? आणि उजेडाचा उशीर किती जणांनी काढलाय?”

किती जणांनी! अगदी तुझाच प्रश्न! रितेशनं माझ्याकडे बघितलं. मी उभी राहिले आणि म्हटलं, “एकानं, सर. आधी दोघांनी काढला होता. आठ तारखेला सापडलं.” मग मी त्यांना नवी पद्धत दाखवली. प्रत्येक आकड्यासमोर आता एक रकाना आहे: कुणी, कधी, काय सुधारलं. आणि महत्त्वाची प्रत्येक वेळ दोन माणसं वेगवेगळी काढतात, एकमेकांचा कागद न बघता. जुळल्याशिवाय पुढं जायचं नाही.

ते गृहस्थ म्हणाले, “हे कुठून घेतलं?”

मी म्हटलं, “थळहून.”

त्यांना वाटलं थळच्या खत कारखान्याची पद्धत असेल. मी दुरुस्त केलं नाही.

नवीन मिनिट तुला सांगत नाही. रितेशनं आणि मी वेगवेगळं काढलं, आठ सेकंदांचा फरक आला, तो कुठून आला हेही सापडलं. यापुढं सरकारी मंजुरी, मग यानाची बांधणी. सहा वर्षं आहेत. आज पहिल्यांदा ती कमी वाटतात.

कोकिळा म्हणते तू रजा टाकली आहेस. मला खरं वाटलं नाही म्हणून तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं. रकाना भरला: कुणी सांगितलं, कोकिळानं. कधी, आज सकाळी.

बाय


थळ, रविवार, १५ मार्च

अनंता,

तुझं तिकीट बघितलं. शनिवारी एकवीसला मुंबईत उतरतोस, रो-रो बोटीनं मांडव्याला. काकांचा गणराज घ्यायला येईल. बाबांची होडी तोच चालवतो हल्ली, तुला ठाऊक आहे. त्यानं ती वर ओढून रंगवून घेतली. तुला दाखवायला अधीर झालाय. रंग जरा भडक झाला आहे, पण तू काही बोलू नकोस.

आय काठीशिवाय दारापर्यंत गेली काल. तू येशील तेव्हा मांडव्याला येणार म्हणते. मी नाही म्हटलं, तर म्हणाली, “हर्षलवर जाताव, आनी मना मांडव्याला न्हाय?”

मंगळवारी, चोवीस तारखेला, कोकिळाच्या माहेरी आक्षीला सगळ्यांना जेवायला बोलावलंय. रस्त्यानं वीस-पंचवीस मिनिटं लागतात. कोकिळा म्हणाली, रस्त्यानं नाही. होडीनं. संध्याकाळच्या भरतीला, खाडीच्या तोंडातून आत. “एकदा तरी सुक्या नवऱ्यासंगं माहेरी जाऊ दे मना,” असं तिचं म्हणणं. आक्षीत बातमी पोचलीय. म्हातारेकोतारे धक्क्यावर बसणार आहेत, बघायला.

सुकाणू तू धरायचं.

मी कॅलेंडर बघितलं. चोवीसला षष्ठी आहे.

मी वेळ काढली आहे. चिठ्ठीवर लिहून, घडी घालून आयच्या डब्यात ठेवली आहे. तू तुझी काढ, माझी न बघता, आणि आयलाच दे. ती सोमवारी दुपारी दोन्ही चिठ्ठ्या सगळ्यांसमोर उघडेल. वाचता येत नाही तिला, पण आकडे ओळखते. जुळल्या, तर मंगळवारी निघू.

बाय